डीएनएसमधली अडगळीत पडलेली रेकॉर्ड्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचं डोमेन सांभाळणारे, ऑफिसातले किंवा भाड्याचे सर्व्हर चालवणारे आणि नेटवर्कशी बोलणारं सॉफ्टवेअर लिहिणारे, अशांसाठी हे पान आहे. डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता शोधून देणारी इंटरनेटची यंत्रणा. त्यातली ए, सीनेम, एमएक्स ही रेकॉर्ड्स (अनुक्रमे आयपी पत्ता, पर्यायी नाव आणि मेल सर्व्हर सांगणाऱ्या नोंदी) तुम्ही कधीतरी स्वतः टाकली आहेत असं गृहीत धरलंय. कमांड आणि रेकॉर्ड्सची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

ए, सीनेम, एमएक्स आणि टीएक्सटी (मोकळा मजकूर) एवढ्यावर माझं भागतं. बाकीच्यांच्या मागे का लागू?

भागतं, कारण बाकीची कामं आपण आडवाटेने करून घेतो. वेबसाइट ८४४३ वर चालते म्हणून पत्त्यात कोलन लावून आकडा लिहितो. दोन सर्व्हरपैकी एक बंद पडला तर दुसऱ्याकडे जावं एवढ्यासाठी पुढे लोड बॅलन्सर बसवतो, आणि मग तो बंद पडला तर काय याची काळजी करतो. नव्या सर्व्हरवर पहिल्यांदा एसएसएच करताना फिंगरप्रिंटकडे न बघता ‘येस’ टाइप करतो. ऑफिसात नवा माणूस आला की त्याच्या मेल ॲपमध्ये आयमॅप आणि एसएमटीपीचे पत्ते आपणच जाऊन भरतो. या प्रत्येक कामासाठी डीएनएसमध्ये सोय आहे, आणि तीही आजची नाही. इयाना ही संस्था ज्या यादीत रेकॉर्डचे प्रकार नोंदवते, त्या यादीत ऐंशीहून जास्त प्रकार आहेत. त्यातले पुष्कळ मेलेले आहेत हे खरं. पण जे जिवंत आहेत त्यांचीही सर्वसाधारण कंट्रोल पॅनलच्या ड्रॉपडाउनमध्ये वर्णी लागत नाही.

एसआरव्ही रेकॉर्ड नेमकं काय सांगतं?

‘या डोमेनची अमुक सेवा कुठल्या मशीनवर, कुठल्या पोर्टवर आहे, आणि मशीन अनेक असतील तर कुठल्या क्रमाने विचारायचं.’ चॅट सर्व्हरचं उदाहरण घेऊ:

_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.उदाहरण.कॉम. ३६०० आयएन एसआरव्ही १० ६० ५२२२ चॅट१.उदाहरण.कॉम.
_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.उदाहरण.कॉम. ३६०० आयएन एसआरव्ही १० ४० ५२२२ चॅट२.उदाहरण.कॉम.
_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.उदाहरण.कॉम. ३६०० आयएन एसआरव्ही २० ० ५२२२ राखीव.उदाहरण.कॉम.

एसआरव्हीनंतरचा पहिला आकडा प्राधान्याचा. जितका लहान तितका आधी. दुसरा वजनाचा: एकाच प्राधान्याच्या मशीनमध्ये भार कसा वाटायचा ते तो सांगतो. इथे शंभर क्लायंट आले तर साधारण साठ चॅट१ कडे आणि चाळीस चॅट२ कडे जातील. दोन्ही बंद असतील तेव्हाच राखीव मशीनला विचारलं जाईल. तिसरा आकडा पोर्ट. मध्ये कुठलंही खोकं नको, कुठला परवाना नको.

दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. उजवीकडच्या नावाला स्वतःचं ए किंवा क्वाडए (आयपीव्ही६ पत्त्याचं) रेकॉर्ड हवं, तिथे सीनेम चालत नाही. आणि नावाच्या जागी नुसता एक टिंब ठेवला तर ‘ही सेवा आमच्याकडे नाही’ असा त्याचा अर्थ होतो, रेकॉर्ड रिकामं राहिलं असा होत नाही.

मेलला ही चैन १९८६ पासून आहे, एमएक्स रेकॉर्डमुळे. एसआरव्ही म्हणजे तीच कल्पना सगळ्या सेवांसाठी खुली केलेली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज. पहिला मसुदा १९९६ चा आरएफसी २०५२, आणि आज लागू आहे तो फेब्रुवारी २००० चा आरएफसी २७८२.

मग वेब ब्राउझर एसआरव्ही का बघत नाही?

कारण कुणी त्याला बघायला सांगितलंच नाही. आरएफसी २७८२ मध्ये अट आहे की ज्या प्रोटोकॉलच्या नियमांत एसआरव्ही वापरा असं लिहिलं असेल, त्यानेच ते वापरावं. एचटीटीपीच्या नियमांत ते कधी लिहिलं गेलं नाही. मोझिलाच्या बगझिलात ही मागणी १९९९ पासून नोंदलेली आहे. त्या नोंदीखालची चर्चा वर्षानुवर्षं चालली, ब्राउझर मात्र हलला नाही.

ब्राउझरवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. प्रत्येक नव्या साइटसाठी आधी एसआरव्ही विचारायचं, मग त्यातल्या नावाचा पत्ता विचारायचा, म्हणजे एक फेरी वाढली. आणि ९९ टक्के साइट्सकडे एसआरव्ही नसणारच, म्हणजे बहुतेक फेऱ्या फुकट. पण हा हिशेब स्वतःच स्वतःला खरा ठरवतो: ब्राउझर विचारत नाही म्हणून साइटवाले टाकत नाहीत, आणि साइटवाले टाकत नाहीत म्हणून ब्राउझर विचारत नाही.

त्यात भर म्हणजे ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला डीएनएस विचारताच येत नाही. म्हणून मॅट्रिक्ससारख्या चॅट प्रणालीला ब्राउझरमधून चालणाऱ्या क्लायंटसाठी ‘.वेल-नोन’ फोल्डरमधल्या जेसन फाइलचा आधार घ्यावा लागला. त्या फाइलमध्ये काय असतं? सर्व्हरचं नाव. जे डीएनएसने सांगायचं तेच सांगण्यासाठी आधी एक वेब सर्व्हर उभा करा, त्याला सर्टिफिकेट घ्या, आणि तो २४ तास जागा ठेवा.

म्हणजे एसआरव्ही कुणी वापरतच नाही?

उलट तुम्ही रोज वापरता, फक्त ते दिसत नाही. ऑफिसात विंडोजचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर विंडोज २००० पासून लॉगिनसाठी डोमेन कंट्रोलर शोधण्याचं काम एसआरव्हीच करतं. एखादा उत्साही माणूस पीसीच्या डीएनएसमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता टाकतो आणि मग ‘डोमेन जॉइन होत नाहीये’ म्हणून फोन करतो, त्याचं कारण हेच. बाहेरच्या रिझॉल्व्हरला (नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरला) तुमच्या ऑफिसची एसआरव्ही रेकॉर्ड्स कुठून माहीत असणार?

घरातला फोन वायफायवरचा प्रिंटर आपोआप शोधतो, तेही एसआरव्ही आणि पीटीआरच्या (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या रेकॉर्डच्या) जोरावर. ॲपलची बाँजूर या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे २०१३ मध्ये आरएफसी ६७६३ झाली. मोबाइल कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यात रोमिंग करताना पलीकडच्या नेटवर्कचं योग्य उपकरण शोधायला एनएपीटीआर (सेवेनुसार पुढचं नाव देणारं रेकॉर्ड) आणि एसआरव्ही वापरतात.

आणि माइनक्राफ्ट! त्याची जावा आवृत्ती एसआरव्ही बघते, म्हणून पोरांना सर्व्हरच्या नावापुढे २५५६५ सोडून दुसरा पोर्ट लिहावा लागत नाही. त्याच खेळाची मोबाइल आणि कन्सोलवर चालणारी बेडरॉक आवृत्ती मात्र बघत नाही. एकाच कंपनीच्या एकाच खेळात ही तऱ्हा असेल तर इतरांबद्दल काय बोलायचं.

दोष मग नक्की कुठे आहे?

माझ्या मते पहिला आरोपी ‘गेटॲड्रइन्फो’. हे सी भाषेतलं फंक्शन युनिक्सपासून विंडोजपर्यंत सगळीकडे आहे आणि जवळजवळ प्रत्येक भाषेची नेटवर्क लायब्ररी शेवटी त्याच्याच दारात जाते. त्याचा करार साधा: नाव द्या, आयपी पत्ते घ्या. टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, किती होता ते तो सांगत नाही. उत्तर डीएनएससेकने (रेकॉर्ड्सवर डिजिटल सही करण्याच्या पद्धतीने) तपासलेलं आहे का, सांगत नाही. एसआरव्ही, किंवा सर्टिफिकेटची ओळख सांगणारं टीएलएसए वगैरे तर त्याच्या गावीच नाही. दुसरं काही हवं असेल तर ‘रेस_क्वेरी’ वापरा, जे तुमच्या हातात कच्चं पॅकेट देतं आणि म्हणतं, आता बाइट मोजत बसा.

पायथनच्या मूळ लायब्ररीत आजही एसआरव्ही विचारायची सोय नाही, त्यासाठी डीएनएसपायथन हे वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. गो आणि नोडमध्ये सोय पहिल्यापासून आहे, आणि त्या भाषांत लिहिलेल्या साधनांत एसआरव्हीचा आधार जास्त दिसतो तो उगाच नाही.

वेगळी लायब्ररी घ्यायला लोक कचरतात त्यालाही कारण आहे. गेटॲड्रइन्फो नुसतं डीएनएस विचारत नाही. ते होस्ट्स फाइल बघतं, घरातल्या जाळ्यातली नावं बघतं, व्हीपीएनने लावलेले नियम पाळतं. स्वतःची डीएनएस लायब्ररी लावली की हे सगळं बायपास होतं, आणि मग ग्राहक विचारतो, ‘होस्ट्स फाइलमध्ये नाव टाकलंय, तुमचं ॲप का ऐकत नाही?’

टीटीएलकडे काणाडोळा हा याच घरातला दुसरा आजार. जावाची आभासी मशीन स्वतःचा कॅश ठेवते, आणि सिक्युरिटी मॅनेजर लावलेल्या जुन्या मांडणीत तो कॅश प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जात नसे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सी पासला (मागच्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्या सेटिंगला) साधं नाव दिलं तर ते सुरू होतानाच एकदा शोधलं जातं. मागचा आयपी बदलला तरी रीलोड करेपर्यंत ते जुन्याच दारावर टकटक करत राहतं. मागच्या सर्व्हरचं नाव पुन्हा पुन्हा शोधण्याची आणि एसआरव्ही वाचण्याची सोय एनजिनएक्सच्या विकतच्या आवृत्तीत पुष्कळ वर्षं होती. फुकट आवृत्तीत ती आली १.२७.३ मध्ये, २०२४ च्या अखेरीस. एसआरव्हीचा पहिला मसुदा १९९६ चा, हे लक्षात ठेवून वाचा.

मोठी उत्तरं अर्धवट येतात किंवा येतच नाहीत. असं का?

मूळ डीएनएसमध्ये यूडीपीवरचं उत्तर ५१२ बाइटांपेक्षा मोठं नसायचं. त्याहून मोठं असेल तर सर्व्हर ‘कापलंय’ अशी खूण करतो आणि क्लायंटने तोच प्रश्न टीसीपीवर विचारायचा असतो. आता किती फायरवॉलवाल्यांनी ‘डीएनएस म्हणजे यूडीपी ५३’ एवढंच धरून टीसीपी ५३ बंद केलाय ते मोजायला नको.

क्लायंटच्या बाजूनेही घोळ आहे. अल्पाइन लिनक्समध्ये जी मसल ही सी लायब्ररी असते, तिला टीसीपीवर प्रश्न विचारणंच येत नव्हतं. ते आलं मे २०२३ च्या १.२.४ मध्ये. डॉकरच्या अर्ध्याअधिक लहान इमेज अल्पाइनवर बांधलेल्या असतात, म्हणून ‘माझ्या लॅपटॉपवर नाव सापडतं, कंटेनरमध्ये नाही’ या तक्रारीत जुनी मसल हा पहिला संशयित. इमेज अल्पाइन ३.१८ किंवा पुढची करा आणि मगच बाकी शोध घ्या.

लॉगमध्ये ‘टाइप६५’ चे ढीगभर प्रश्न दिसतात. हल्ला आहे का?

नाही. ते एचटीटीपीएस नावाचं रेकॉर्ड आहे, क्रमांक ६५. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, ॲपलची उपकरणं प्रत्येक साइटसाठी ए आणि क्वाडएसोबत हाही प्रश्न विचारतात. क्रोम आणि फायरफॉक्सही विचारतात. तुमच्या लॉग दाखवणाऱ्या साधनाला नाव माहीत नाही म्हणून ते नुसता आकडा छापतं.

हे एचटीटीपीएस रेकॉर्ड एसआरव्हीची जागा घेईल?

वेबपुरती, हो. नोव्हेंबर २०२३ च्या आरएफसी ९४६० मध्ये ते पक्कं झालं. प्राधान्य आहे, पर्यायी नाव आहे, पोर्ट आहे. शिवाय साइट एचटीटीपी २ बोलते की ३ हे ब्राउझरला जोडणी करण्याआधीच कळतं. कूटबद्ध क्लायंट हॅलोच्या (साइटचं नाव लपवून जोडणी करण्याच्या) किल्ल्याही यातूनच मिळतात. फेरी वाढते या जुन्या आक्षेपाला उत्तर म्हणून हा प्रश्न ए आणि क्वाडएच्या जोडीनेच पाठवायचा असं ठरलं. मुख्य म्हणजे या वेळी ब्राउझरवाले आणि सीडीएनवाले (साइट्सच्या प्रती जगभर ठेवून पुरवणाऱ्या कंपन्या) मसुदा लिहायलाच बसले होते. एसआरव्हीच्या वेळी नेमकं तेच झालं नव्हतं.

तरी सावकाश घ्या. हे रेकॉर्ड दिसलं की ब्राउझर ती साइट एचटीटीपीएसवरच उघडतो, म्हणून साइटचा काही भाग अजून साध्या एचटीटीपीवर असेल तर आधी तो उरका. यात आयपी पत्त्यांचे इशारे लिहिता येतात. ते लिहिले आणि पुढे सर्व्हर हलवताना फक्त ए रेकॉर्ड बदललं तर काही ब्राउझर जुन्या पत्त्यावर जाऊन बसतील. रेकॉर्डच्या कुठल्या भागाला कोण मान देतो हे ब्राउझरगणिक वेगळं आहे, त्यामुळे जुनी ए आणि क्वाडए रेकॉर्ड्स काढायची नाहीत.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या मूळ डोमेनला सीनेम का लावता येत नाही?

सीनेम असलेल्या नावावर दुसरं काही असायचं नाही, हा १९८७ च्या आरएफसी १०३४ चा नियम. मूळ डोमेनवर एसओए (झोनची, म्हणजे डोमेनच्या रेकॉर्ड्सच्या संचाची, माहिती) आणि एनएस (नेमसर्व्हरची नावं) असतातच. विषय संपला.

सेवादार यावर ‘एलिअस’, ‘एनेम’, ‘फ्लॅटनिंग’ अशा नावांनी उपाय देतात. तिथे नाव शोधण्याचं काम त्यांचा सर्व्हर करतो आणि तुम्हाला तयार ए रेकॉर्ड दाखवतो. चालतं छान, पण ही प्रमाणित गोष्ट नाही. एनेमचा मसुदा आयईटीएफमध्ये आला आणि मुदत संपून गेला. म्हणून दुय्यम डीएनएस दुसऱ्या कंपनीकडे ठेवलात तर झोन ट्रान्सफरमध्ये हा प्रकार पलीकडे जात नाही. एचटीटीपीएस रेकॉर्डमध्ये प्राधान्य ० ठेवलं की नेमकी हीच गोष्ट प्रमाणित पद्धतीने होते, फक्त सगळे ब्राउझर ती पाळेपर्यंत थांबायचं.

पॅनलमध्ये रेकॉर्ड भरताना ‘इनव्हॅलिड’ येतं. माझं चुकतंय का?

बहुधा पॅनलचं. एका ग्राहकाच्या होस्टिंगच्या पॅनलमध्ये मी डीकेआयएमची (मेलवरची सही तपासायची) किल्ली भरत होतो. २०४८ बिटांची किल्ली म्हणजे जवळपास ४०० अक्षरं, आणि टीएक्सटीमधल्या एका तुकड्याला २५५ बाइटांची मर्यादा. अशा वेळी मजकूर दोन अवतरणांत तोडून एकाच रेकॉर्डमध्ये लिहायचा असतो. त्या पॅनलने आधी अवतरणचिन्हं नाकारली, आणि ती काढल्यावर २५५ च्या पुढचं सगळं गुपचूप गाळून ‘सेव्ह झालं’ असं हिरव्या अक्षरांत दाखवलं. मदतकक्षाचा सल्ला होता १०२४ बिटांची किल्ली वापरा. असल्या पॅनलमध्ये सेव्ह केल्यावर डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड लावून खरं काय बाहेर पडतंय ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी सामान्य तक्रार अंडरस्कोअरची. होस्टच्या नावात अंडरस्कोअर चालत नाही हे खरं, पण एसआरव्ही, डीकेआयएम, टीएलएसए यांची नावं होस्टची नावं नव्हेत. डीएनएसला स्वतःला कुठलाही बाइट चालतो.

आणि ज्या प्रकाराचं नाव पॅनलला माहीत नाही त्यासाठीसुद्धा २००३ पासून सोय आहे. आरएफसी ३५९७ प्रमाणे ‘टाइप’ला लागून आकडा, मग उलटी तिरकी रेघ आणि हॅश, मग बाइटांची संख्या आणि षोडशमान मजकूर. बाइंड, एनएसडी, नॉट, पॉवरडीएनएस असे सगळे डीएनएस सर्व्हर हे वाचतात. म्हणजे सर्व्हरला येतं, आणि त्याच्यावर चढवलेल्या वेबपानाला येत नाही.

सगळं टीएक्सटीमध्येच का कोंबतात?

एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या वतीने कोण मेल पाठवू शकतं ते सांगणारी नोंद, तिचा किस्सा बघा. २००६ च्या आरएफसी ४४०८ मध्ये एसपीएफला स्वतःचं रेकॉर्ड दिलं होतं, क्रमांक ९९. पण तोवर लोक टीएक्सटीत लिहून मोकळे झाले होते, आणि पॅनलमध्ये ९९ येईना. मग नियम असा की दोन्हींत लिहिलं तरी चालेल. परिणाम: बघणारे फक्त टीएक्सटी बघत आणि टाकणारे फक्त टीएक्सटी टाकत. २०१४ च्या आरएफसी ७२०८ ने ९९ क्रमांक अधिकृतपणे बंद केला.

तेव्हापासून नवा प्रोटोकॉल लिहिणारा प्रत्येक जण शहाणा झालाय. डीमार्क, डीकेआयएम, डोमेनची मालकी सिद्ध करणारे डझनभर कोड, सगळे टीएक्सटीत. एखाद्या मोठ्या कंपनीच्या मूळ डोमेनची टीएक्सटी रेकॉर्ड्स मागवून बघा, लग्नाच्या आहेरासारखी यादी येते: कुठल्या कुठल्या सेवा त्यांनी कधीकाळी आजमावल्या ते सगळं त्यात दिसतं.

एसएसएचएफपी वापरून ‘येस’ टाइप करणं खरंच टळतं?

टळतं, कारण एसएसएचएफपी रेकॉर्डमध्ये सर्व्हरच्या किल्लीचं फिंगरप्रिंट असतं. पण चार कुलपं एका ओळीत उघडावी लागतात.

सर्व्हरवर ‘एसएसएच-कीजेन -आर’ आणि पुढे सर्व्हरचं नाव लिहिलं की तयार रेकॉर्ड्स छापून येतात. ‘एसएसएचएफपी ४ २’ आणि मागोमाग ६४ षोडशमान अंक: ४ म्हणजे एड२५५१९ किल्ली, २ म्हणजे शा-२५६. ती झोनमध्ये टाका. हे पहिलं कुलूप, आणि इथेच बऱ्याच पॅनलमध्ये तो प्रकार नसतो.

दुसरं: झोन डीएनएससेकने सही केलेला हवा. सही नसेल तर वाटेत कुणीही खोटं फिंगरप्रिंट घालू शकेल, आणि ओपनएसएसएच तसं मानूनच चालतं.

तिसरं: क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये ‘व्हेरिफायहोस्टकीडीएनएस येस’. मूळ किंमत ‘नो’ आहे. हे रेकॉर्ड जानेवारी २००६ च्या आरएफसी ४२५५ मध्ये आलं, तरी आजही ते आपल्याला हाताने चालू करावं लागतं.

चौथं सगळ्यात खट्याळ. रिझॉल्व्हरने सही तपासली की उत्तरावर एडी नावाचा एक बिट लावला जातो. लिनक्सच्या जीलिबसीने २.३१ पासून, म्हणजे २०२० पासून, तो बिट मधेच काढून टाकायला सुरुवात केली. दूरच्या रिझॉल्व्हरवर भरवसा का ठेवावा, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. पण मग तुमच्या मशीनवरच अनबाउंडसारखा तपासणारा रिझॉल्व्हर बसवायचा आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये ‘ऑप्शन्स ईडीएनएस० ट्रस्ट-एडी’ ही ओळ लिहायची. ती नसेल तर फिंगरप्रिंट डीएनएसमध्ये जुळलं असा संदेश येतो आणि तरीही ‘येस’ की ‘नो’ विचारलंच जातं. झोनवर सही असूनही तो संदेश आणि तो प्रश्न एकत्र दिसले की समजायचं, गाडी चौथ्या कुलपाशी अडली आहे.

पाच सर्व्हर असतील तर एवढा खटाटोप करू नका. शे-दोनशे असतील आणि ते वरचेवर नव्याने बांधले जात असतील, तर एसएसएचची स्वतःची सर्टिफिकेट पद्धत आणि एसएसएचएफपी यांची तुलना करून मग ठरवा.

डेन मेलं का?

वेबवर मेलं, मेलमध्ये जिवंत आहे. टीएलएसए हे त्याचं रेकॉर्ड, ऑगस्ट २०१२ च्या आरएफसी ६६९८ मधलं. सर्टिफिकेट कोणतं खरं हे डोमेनच्या मालकानेच डीएनएसमध्ये लिहायचं आणि त्यावर डीएनएससेकची सही. क्रोममध्ये २०११ च्या सुमारास डीएनएससेकवर आधारलेला एक जवळचा प्रयोग झाला आणि पुढे काढून टाकला गेला. अनोळखी रेकॉर्ड्स अडवणारे राउटर हे त्या वेळचं एक मोठं रडगाणं होतं.

मेलची गोष्ट निराळी, कारण तिथे दोन्ही टोकांना सर्व्हर असतात, हॉटेलचं वायफाय मध्ये येत नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला २०१४ च्या २.११ पासून डेन येतं. दोनच ओळी: ‘एसएमटीपी_डीएनएस_सपोर्ट_लेव्हल’ ला डीएनएससेक आणि ‘एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल’ ला डेन. नेदरलँड्समध्ये सरकारी कार्यालयांनी पाळायच्या मानकांच्या यादीत ते आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइनने जाणाऱ्या मेलसाठी २०२२ मध्ये आणि येणाऱ्यासाठी २०२४ मध्ये आधार दिला. जीमेलने मात्र दुसरी वाट धरली, एमटीए-एसटीएस. म्हणजे पुन्हा एक टीएक्सटी आणि ‘.वेल-नोन’ मधली एक फाइल.

स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर एक खड्डा सांगून ठेवतो. सर्टिफिकेट आपोआप घेणारा सर्टबॉट दर नूतनीकरणाला नवी किल्ली बनवतो. टीएलएसएमध्ये जुन्या किल्लीचा हॅश राहिला की डेन पाळणारे सर्व्हर तुमच्याकडे मेल देणं थांबवतात, आणि तुम्हाला कळतं ते ‘आमचा मेल मिळाला नाही का’ अशा फोनने. ‘रीयूज-की’ लावा, किंवा नवा हॅश आधी टाकून टीटीएल उलटल्यावरच किल्ली बदला.

असं एखादं रेकॉर्ड आहे का, जे टाकलं आणि लगेच उपयोगी पडलं?

सीएए. माझ्या डोमेनला फक्त अमुक संस्थेनेच सर्टिफिकेट द्यावं, असं ते सांगतं. २०१३ मध्ये आलं आणि चार वर्षं कुणी विचारलं नाही. मग सीए-ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांच्या मंचाने) ८ सप्टेंबर २०१७ पासून सर्टिफिकेट देणाऱ्या प्रत्येक संस्थेला ते तपासणं बंधनकारक केलं, आणि त्या तारखेपासून ते सगळीकडे चालतंय. वाचणाऱ्यावर सक्ती आली की पॅनलवालेही ड्रॉपडाउनमध्ये एक ओळ वाढवतात.

लेट्स एन्क्रिप्ट वापरत असाल तर अकाउंटच्या पत्त्यालाही बांधता येतं, म्हणजे त्याच संस्थेकडे दुसऱ्या कुणी अर्ज केला तरी नाकारला जातो.

एलओसी, एचइन्फो, आरपी यांचं काय करायचं?

करमणूक. एलओसीमध्ये अक्षांश, रेखांश आणि उंची लिहितात. पुण्यासाठी साधारण ‘१८ ३१ ० एन ७३ ५१ ० ई ५६०मी’. उंची समुद्रसपाटीच्या एक लाख मीटर खालून मोजतात, त्यामुळे खाणीतला सर्व्हरही नोंदवता येईल. घरातल्या सर्व्हरचं खरं ठिकाण मात्र लिहू नका. एचइन्फोमध्ये मशीनचा प्रकार लिहायचे, आता ‘सगळं द्या’ या प्रश्नाला टाळणारं उत्तर म्हणून ते उरलंय. आरपी म्हणजे जबाबदार माणसाचा पत्ता, १९९० चं. स्पॅमवाल्यांशिवाय कुणी वाचेल असं वाटत नाही.

देवनागरी .भारत डोमेन घेतलं तर हेच दुखणं आहे का?

जात तीच. मराठी, कोकणी, हिंदी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी .भारत २०१४ मध्ये खुलं झालं. डीएनएसला त्यात काही नवीन नाही, कारण तारेवरून ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन रूपच जातं. अडतं ते वरच्या सॉफ्टवेअरमध्ये. डोमेनचा शेवट दोन ते चार रोमन अक्षरांचाच असणार असं धरून लिहिलेले फॉर्म, लिंक म्हणून न ओळखणारे चॅट ॲप, आणि पत्ता पेस्ट केला की होणारी ती ‘एक्सएन’ची रांगोळी.

मराठीला एक खास त्रास ‘ऱ्य’चा. काही कीबोर्ड तो लिहिताना र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह पाठवतात. २००३ च्या नियमांत ते चिन्ह गाळलं जायचं, म्हणजे ‘दऱ्या’ लिहिलं की ‘दर्या’ शोधलं जाणार. २०१० च्या नव्या नियमांत ते हलन्तानंतर चालू शकतं, पण समोरचं सॉफ्टवेअर कुठले नियम पाळतंय ते तुमच्या हातात नाही. नाव निवडताना असं जोडाक्षर टाळलेलं बरं.

देवनागरी ईमेलसाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ (रोमनेतर पत्ते हाताळायची सोय) यायला हवं. जीमेलला २०१४ पासून येतं, पोस्टफिक्सला ३.० पासून. बँकेच्या फॉर्मवर तो पत्ता चालेल या भरवशावर राहू नका, सोबत एक रोमन डोमेन ठेवाच.

हाताने न भरता प्रोग्रॅमने रेकॉर्ड बदलायची प्रमाणित पद्धत नाही का?

आहे, १९९७ पासून. आरएफसी २१३६ चा डायनॅमिक अपडेट आणि त्याला सही करण्यासाठी टीसिग. पण डीएनएस विकणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतःचा वेगळा एपीआय देतात. म्हणून सर्टिफिकेट आपोआप घेणाऱ्या एसीएमई.एसएचमध्ये सेवादारागणिक शंभराहून जास्त वेगळ्या स्क्रिप्ट आहेत, सगळ्यांचं काम एकच टीएक्सटी टाकणं आणि काढणं. स्वतःचा बाइंड किंवा नॉट असेल तर सर्टबॉटचा आरएफसी२१३६ प्लगइन घ्या, आणि टीसिगच्या किल्लीला फक्त त्या एका नावापुरताच अधिकार द्या.

होस्टिंगवाला म्हणतो, ‘हे रेकॉर्ड आमच्याकडे होत नाही.’ पुढे काय?

डोमेनची नोंदणी, डीएनएस आणि वेब होस्टिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच बिलावर आल्या तरी. होस्टिंग आहे तिथेच ठेवून फक्त डीएनएस दुसरीकडे नेता येतं. नवा सेवादार निवडताना सीएए, टीएलएसए, एसएसएचएफपी, एचटीटीपीएस ही चार रेकॉर्ड्स टाकता येतात का, आणि झोन फाइल आहे तशी आत-बाहेर करता येते का, एवढंच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पुढचं दार.

मग जुन्या पॅनलमधली सगळी रेकॉर्ड्स उतरवून घ्या. पॅनल जे दाखवत नाही तेही असतं, विशेषतः मेलची ऑटोडिस्कव्हर वगैरे. नव्या जागी सगळी भरून, नव्या सर्व्हरला थेट डिगने विचारून जुळवा. डीएनएससेक चालू असेल तर नोंदणीच्या ठिकाणचं डीएस रेकॉर्ड (सहीच्या किल्लीची वरच्या झोनमधली नोंद) आधी काढा, त्याचा टीटीएल पूर्ण उलटू द्या, मगच नेमसर्व्हर बदला. .इनसारख्या वरच्या झोनमध्ये तो टीटीएल किती आहे ते डिगच्या उत्तरात दुसऱ्या रकान्यात सेकंदांत दिसतं. नव्या जागी सही चालू करून नवं डीएस टाकायचं ते सगळ्यात शेवटी.